पाहुण्यांच्या हाती संगणक : मे १९६२ मधील एका प्रात्यक्षिकाची गोष्ट

१/
मे १९६२. अमेरिकेतील केंब्रिज शहर. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, म्हणजेच एमआयटी, या संस्थेचे दरवाजे वार्षिक विज्ञान प्रदर्शनासाठी सर्वांना खुले झाले होते. तेथील एका खोलीत उंच कपाटावर एक मोठा पडदा चढवून ठेवला होता. पडद्यावर काळ्या आकाशात तारे लुकलुकत होते आणि त्यांच्यामधून दोन इवलीशी याने एकमेकांवर नेम धरीत फिरत होती. खोली माणसांनी भरली होती. खालच्या पेट्यांवरचे खटके मात्र पाहुण्यांच्या हातात होते.

२/
त्या खेळाचे नाव ‘स्पेसवॉर!’. संगणकीय खेळांच्या इतिहासात त्याचा उल्लेख नेहमी येतो. परंतु तो जन्मला एका वेगळ्याच प्रश्नातून. आपल्या आवारात लाखो रुपयांच्या मोलाचे एक यंत्र आले आहे. ते पाहायला लोक येणार आहेत. त्यांना दाखवायचे काय? या प्रश्नाचे उत्तर शोधताना काही तरुणांनी संगणक आणि सामान्य माणूस यांच्यातील अंतर कसे कमी केले, त्याचा हा धागा.

३/
प्रथम त्या काळाचे चित्र समजून घ्यावे लागेल. १९५० च्या दशकात मोठ्या विद्यापीठांतील संगणक बंद खोलीत असे. ज्याला गणित सोडवायचे असेल त्याने आज्ञा छिद्रित कार्डांवर उतरवायच्या, कार्डांचा गठ्ठा खिडकीशी बसलेल्या चालकाकडे द्यायचा आणि निघून जायचे. उत्तराचा कागद काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी हाती पडे. एखादे स्वल्पविराम चुकले असेल तर पुन्हा पहिल्यापासून. देवळाच्या गाभाऱ्यात केवळ पुजाऱ्याने जावे, तसा हा व्यवहार होता.

४/
अशा यंत्राचे प्रात्यक्षिक भरवणे ही मोठी पंचाईत. गणित यंत्राच्या आत चालते आणि पाहुण्याला बाहेरून दिसतात ते फक्त लुकलुकणारे दिवे व फिरणाऱ्या फिती. छापून आलेला आकड्यांचा कागद पाहून कोणाचे डोळे विस्फारणार? एमआयटीतच उभारलेल्या ‘व्हर्लविंड’ या संगणकावर म्हणून एक छोटी आज्ञावली लिहिली गेली होती. तिच्यामुळे पडद्यावर एक ठिपका चेंडूसारखा उसळत जाई. गणित तेच, पण ते प्रथमच डोळ्यांना दिसत होते.

५/
हीच अडचण अन्यत्रही भासत होती. न्यू यॉर्क राज्यातील ब्रूकहेवन राष्ट्रीय प्रयोगशाळेत दरवर्षी पाहुण्यांसाठी खास दिवस ठेवले जात. निर्जीव तक्ते पाहून लोक कंटाळतात, हे भौतिकशास्त्रज्ञ विल्यम हिगिनबॉथम यांच्या लक्षात आले. ऑक्टोबर १९५८ मध्ये त्यांनी ॲनालॉग संगणक आणि पाच इंची ऑसिलोस्कोप जोडून दोघांनी खेळायचा टेनिसचा खेळ मांडला. लोकांनी रांगा लावल्या. पुढच्या वर्षी तोच खेळ मोठ्या पडद्यावर आला, आणि त्यानंतर यंत्राचे भाग सुटे करून दुसऱ्या कामांना लावण्यात आले.

६/
येथे एक गैरसमज दूर करणे योग्य. ‘स्पेसवॉर!’ हा जगातील पहिला संगणकीय खेळ नव्हे. १९५० मध्ये टोरंटोच्या प्रदर्शनात ‘बर्टी द ब्रेन’ हे यंत्र लोकांशी फुली-गोळा खेळत होते. १९५१ मध्ये ‘फेस्टिव्हल ऑफ ब्रिटन’च्या निमित्ताने फेरांटी कंपनीचे ‘निमरॉड’ लंडनमध्ये ‘निम’ हा खेळ खेळत होते. या सर्व यंत्रांत एक धागा समान आहे. प्रत्येक वेळी खेळाची गरज पडली ती समोर जमलेल्या गर्दीमुळे.

७/
आता पुन्हा एमआयटीकडे वळू. तेथे ‘टेक मॉडेल रेलरोड क्लब’ नावाचे विद्यार्थ्यांचे मंडळ होते. खेळण्यातील आगगाड्यांचा एक विस्तीर्ण पट त्यांनी उभा केला होता. काही सभासदांना डबे रंगवण्यात आणि डोंगर-पूल उभारण्यात रस होता, तर काहींना पटाखालच्या गुंतागुंतीत. तेथे टेलिफोन यंत्रणेतील रिले आणि तारांचे जाळे होते. कोणती गाडी कोणत्या रुळावर जाईल, हे त्यावरून ठरे. या दुसऱ्या गटाच्या नावात ‘सिग्नल’ आणि ‘वीज’ हे दोन शब्द होते. संगणक आवारात आला, तेव्हा त्याकडे सर्वांत आधी धावले ते याच गटातले विद्यार्थी.

८/
त्यांना पहिली संधी दिली ‘टीएक्स-०’ या यंत्राने. लष्करी संशोधन करणाऱ्या लिंकन प्रयोगशाळेत ते तयार झाले आणि १९५८ मध्ये एमआयटीच्या आवारात आले. ते ट्रान्झिस्टरवर चालत असे, त्याला पडदा होता, आणि मुख्य म्हणजे मध्ये चालक नव्हता. ज्याची वेळ असेल त्याने स्वतः यंत्रासमोर बसावे, खटके दाबावेत, चूक दिसली की तेथल्या तेथे दुरुस्त करावी. रात्रीच्या रिकाम्या वेळा मिळवण्यासाठी विद्यार्थी आवारात ताटकळत थांबू लागले.

९/
या यंत्रावरही दाखवण्याजोग्या करामती झाल्या. त्यांपैकी एक ‘चक्रव्यूहातील उंदीर’. पाहुण्याने प्रकाश-लेखणीने पडद्यावर भिंती आखायच्या, चीजचे तुकडे ठेवायचे, आणि उंदीर वाट शोधीत त्यांच्यापर्यंत पोहोचतो ते पाहायचे. दुसऱ्या एका प्रकारात चीजऐवजी मद्याचे पेले असत आणि ते प्यायल्यावर उंदराची पावले अडखळत! लोक हसत. परंतु भिंती आखून झाल्या की पाहुण्याचे काम संपे. पुढे तो केवळ प्रेक्षक उरे.

१०/
सप्टेंबर १९६१ मध्ये डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन, अर्थात डेक, या कंपनीने एमआयटीला आपला ‘पीडीपी-१’ संगणक भेट दिला. कंपनीचे एक संस्थापक केन ओल्सन हे एमआयटीचेच. ‘व्हर्लविंड’ आणि ‘टीएक्स-०’ या दोन्ही यंत्रांवर त्यांनी काम केले होते. १९५७ मध्ये जुन्या लोकर-गिरणीच्या इमारतीत सुरू झालेल्या या कंपनीने त्या अनुभवातूनच नवे यंत्र घडवले होते. किंमत सुमारे १,२०,००० डॉलर. ‘टीएक्स-०’च्या शेजारच्याच खोलीत ते मांडले गेले.

११/
त्याची कुवत आजच्या मापाने किरकोळ वाटेल. १८ अंकी द्विमान शब्दांच्या ४,०९६ जागा, म्हणजे जेमतेम ९ किलोबाइट स्मृती. सेकंदाला सुमारे १,००,००० बेरजा. आज्ञा भरायच्या त्या छिद्रे पाडलेल्या कागदी फितीवरून. पण जोडीला रडारच्या जातीची १६ इंची गोल पडदा-नळी होती. तिच्यावर उमटलेला ठिपका क्षणभर निळसर झळके आणि मागे पिवळट-हिरवी आभा ठेवून विझे. त्यामुळे हलणाऱ्या वस्तूमागे आपोआपच धूमकेतूसारखे शेपूट दिसे.

१२/
हे यंत्र येणार, अशी वार्ता लागताच तीन मित्रांच्या गप्पा रंगू लागल्या होत्या : स्टीव्ह रसेल, मार्टिन ग्रेट्झ आणि वेन विटानेन. ग्रेट्झ आणि विटानेन केंब्रिजमधील हिंगहॅम स्ट्रीटवर भाड्याच्या घरात राहत. त्या साध्या बिऱ्हाडाला या मंडळींनी थट्टेने ‘हिंगहॅम इन्स्टिट्यूट’ असे भारदस्त नाव दिले, आणि आपल्या गप्पांच्या बैठकीला ‘अंतराळ-युद्ध अभ्यास गट’. थट्टा होती खरी, परंतु या अभ्यास गटाने एका प्रश्नाचा अगदी गांभीर्याने विचार केला. उत्तम प्रात्यक्षिक कशाला म्हणावे?

१३/
ग्रेट्झ यांनी पुढे १९८१ मध्ये लिहिलेल्या आठवणींत त्यांचे तीन निकष नोंदवले आहेत. त्यांचा आशय असा. एक, प्रात्यक्षिकाने यंत्राची जास्तीत जास्त साधने वापरावीत आणि ती पार शेवटच्या मर्यादेपर्यंत ताणावीत. दोन, ते रंजक असावे, म्हणजेच दर वेळी काही तरी वेगळे घडावे. तीन, पाहणाऱ्याला त्यात आनंदाने भाग घेता यावा. थोडक्यात, तो खेळ असावा.

१४/
या तीन ओळींत एक लहानशी क्रांती दडलेली आहे. उसळणारा चेंडू दर वेळी तसाच उसळे. तो दुसऱ्या निकषाला उतरत नव्हता. चक्रव्यूहातील उंदीर पाहुण्याला मध्येच सोडून देई. तो तिसऱ्या निकषाला पुरेसा उतरत नव्हता. जुन्या प्रात्यक्षिकांत यंत्र हुशारी दाखवी आणि माणूस टाळ्या वाजवी. नव्या कल्पनेत माणसाच्या कृतीवाचून यंत्राचे कामच पुढे सरकणार नव्हते.

१५/
खेळ कशाचा असावा, हे ठरायला वेळ लागला नाही. एप्रिल १९६१ मध्ये युरी गागारिन पृथ्वीभोवती फिरून आले होते. पुढच्याच महिन्यात अध्यक्ष केनेडी यांनी चंद्रावर माणूस उतरवण्याचा संकल्प जाहीर केला होता. शिवाय हे तिघे ई. ई. ‘डॉक’ स्मिथ यांच्या अंतराळ-कादंबऱ्यांचे चाहते. दोन याने, मर्यादित इंधन, मर्यादित शस्त्रे आणि न्यूटनचे गतिनियम, एवढी सामग्री पुरेशी होती.

१६/
लिहिण्याची जबाबदारी रसेल यांच्याकडे आली. ते जॉन मॅकार्थी यांच्या कृत्रिम बुद्धिमत्ता गटात काम करीत. ‘लिस्प’ या भाषेचा पहिला अर्थक त्यांनीच यंत्रावर उतरवला होता. पण कामाला हात घालायला ते चालढकल करू लागले. ज्या आणि कोज्या काढण्याची आज्ञावली नाही, ही त्यांची सबब. तेव्हा रेलरोड क्लबचे ॲलन कोटोक सरळ डेक कंपनीत गेले, तयार आज्ञावलीची फीत घेऊन आले आणि ती रसेल यांच्या पुढ्यात ठेवली. आता सबब उरली नाही.

१७/
जानेवारी १९६२ मध्ये पडद्यावर एक ठिपका आला. खटके हलवले की त्याची गती व दिशा बदले. फेब्रुवारीत दोन याने आली. एक सुईसारखे निमुळते, दुसरे पाचरीसारखे. याच महिन्यात जॉन ग्लेन यांनी पृथ्वीला प्रदक्षिणा घातली. रसेल यांनी या पहिल्या खेळण्याजोग्या रूपावर सुमारे २०० तास खर्ची घातले होते. अवकाशात घर्षण नाही, म्हणून एकदा दिलेला वेग कमी करायचा तर यान उलटे वळवूनच इंजिन चालवावे लागे. भौतिकशास्त्राचा धडा बोटांतून शिकावा लागत होता.

१८/
यानंतर जे घडले ते एखाद्या वाड्याच्या बांधकामासारखे. पाया एकाचा, पण दार, खिडकी, कोनाडा वेगवेगळ्या हातांचा. मूळ खेळातील तारे वाटेल तसे विखुरलेले होते. क्लबचे पीटर सॅमसन यांना ही बेपर्वाई सहन होईना. त्यांनी खगोलीय पंचांगातून खऱ्या ताऱ्यांची स्थाने घेतली. खगोलीय विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंस साडेबावीस अंशांपर्यंतचे आकाश त्यांनी पडद्यावर उतरवले आणि तेजस्वी ताऱ्यांना अधिक तेज दिले. या भागाचे नाव ‘महागडे तारांगण’!

१९/
डॅन एडवर्ड्स यांना वाटले, नुसत्या नेमबाजीत डावपेच नाहीत. त्यांनी पडद्याच्या मध्यभागी एक तारा ठेवला आणि त्याला गुरुत्वाकर्षण दिले. आता बेसावध यान ताऱ्यात ओढले जाऊन नष्ट होई. कुशल खेळाडू मात्र त्याच ओढीचा झोका घेऊन प्रतिस्पर्ध्याच्या मागे निघे. परंतु एवढे गणित करताना यंत्राला धाप लागू लागली. एडवर्ड्स यांनी यानांची आकृती काढण्याची पद्धतच बदलून वेळ वाचवला.

२०/
तरीही सगळ्यांना पुरेल एवढा वेळ उरला नाही. टॉर्पेडोंवर गुरुत्वाकर्षणाचा परिणाम दाखवायचा तर खेळ मंदावला असता. म्हणून टॉर्पेडो ताऱ्याजवळूनही सरळ रेषेत जात. सबब तयार होती : ती ‘फोटॉन’ अस्त्रे आहेत! पहिल्या निकषाची येथे पूर्तता झाली होती. यंत्र खरोखरच शेवटच्या मर्यादेपर्यंत ताणले गेले होते. ग्रेट्झ यांनी संकटातून निसटण्यासाठी ‘हायपरस्पेस’ची भर घातली. यान अदृश्य होऊन भलत्याच ठिकाणी प्रकटे, आणि परतताना फुटण्याचा धोका असे.

२१/
आता अडचण होती ती हातांची. खेळाडूंना संगणकाच्या फलकावरील बारीक खटकेच वापरावे लागत. दोघे फलकाच्या दोन टोकांना दाटीवाटीने बसत. कोपर दुखून येत आणि पडद्याजवळच्या खेळाडूला अधिक चांगले दिसे. कोटोक आणि बॉब सॉन्डर्स यांनी रेलरोड क्लबच्या अडगळीतून सुटे भाग शोधले आणि प्रत्येकासाठी स्वतंत्र लाकडी पेटी बनवली. तिच्यावर वळण्यासाठी एक खटका, वेगासाठी दुसरा. टॉर्पेडोची कळ मुद्दाम आवाज न करणारी. प्रतिस्पर्ध्याला चाहूल लागू नये म्हणून.

२२/
एप्रिल १९६२ अखेर खेळ जवळपास पूर्ण झाला. मित्रांपुरता विचार केला तर काही कमी नव्हते. पण मे महिन्यात विज्ञान प्रदर्शन होते आणि खोलीत झुंबड उडणार, हा अंदाज सर्वांना होता. येथून पुढे जे बदल झाले ते आज्ञावली लिहिणाऱ्याच्या हौसेतून आले नाहीत. ते यजमानाच्या काळजीतून आले. पंगतीला किती पाने वाढायची, हे ज्याला मोजावे लागते, त्याच्याच ध्यानात अशा गोष्टी येतात.

२३/
पहिली काळजी वेळेची. आतापर्यंतचा खेळ संपतच नसे. एक यान फुटले की दुसरा डाव आपोआप सुरू. मित्रमंडळींत हे ठीक. पण मागे रांग असताना पेटी धरून बसलेल्या पाहुण्याला उठवायचे कसे? ‘आता पुरे’ असे म्हणणे असभ्य दिसते. म्हणून खेळात गुणांची मोजणी आली. ठरावीक डावांचा सामना झाला की तो संपे, निकाल लागे आणि खुर्ची रिकामी होई. पाहुण्याला उठवण्याचे अप्रिय काम यंत्रानेच पत्करले.

२४/
दुसरी काळजी मागच्या रांगेची. १६ इंची गोल पडद्यासमोर दोन खेळाडू वाकले की तिसऱ्याला त्यांच्या पाठीच दिसणार. तेव्हा प्रयोगशाळेतील एक मोठी पडदा-नळी संगणकाला जोडण्यात आली. मूळ पडद्यावर जे दिसे तेच तिच्यावर उमटे. ती एका उंच कपाटावर चढवली. आता खोलीभर उभ्या असलेल्या माणसांना सामना आरामात पाहता येऊ लागला. प्रारंभी वर्णन केलेला कपाटावरचा पडदा तो हाच.

२५/
या मांडणीचे महत्त्व सहज निसटून जाते. कपाटावरच्या पडद्याकडे पाहत उभा असलेला माणूस नियम शिकत होता. तारा ओढतो, वेग आपोआप कमी होत नाही, टॉर्पेडो मोजून वापरावे लागतात, हे त्याला कोणी फळ्यावर समजावून देत नव्हते. पाळी येईपर्यंत तो निम्मा तयार झालेला असे. एरवी वर्षानुवर्षे संगणकाच्या खिडकीबाहेर उभा राहिलेला माणूस येथे काही मिनिटांत प्रेक्षकाचा शिकाऊ आणि शिकाऊचा चालक होत होता.

२६/
हे निव्वळ मनोरंजन होते काय? त्याच मे महिन्यात डेक संगणक वापरणाऱ्यांच्या संघटनेची पहिली सभा मॅसॅच्युसेट्समधील बेडफर्ड येथे भरली. ग्रेट्झ यांनी तेथे ‘स्पेसवॉर!’वर निबंध वाचला. त्याच्या भारदस्त शीर्षकात ‘पीडीपी-१’च्या तत्क्षण प्रतिसाद देण्याच्या क्षमतेचा उल्लेख होता. भाषा थोडी आव आणणारी, पण दावा खरा. माणसाने खटका दाबताच यंत्राने त्याच क्षणी उत्तर द्यावे, हीच तर गठ्ठा-पद्धतीच्या संगणकाला दिलेली खरी सोडचिठ्ठी होती.

२७/
डेक कंपनीलाही या खेळाचा वेगळा उपयोग सापडला. तो यंत्राची जवळजवळ प्रत्येक क्षमता वापरतो. मग नव्या संगणकाची चाचणी घेण्यासाठी याहून चांगले काय? खेळ नीट चालला म्हणजे यंत्र ठीक आहे, असे तंत्रज्ञ समजू लागले. फितीच्या प्रती मागेल त्याला मिळत होत्या. कोणी स्वामित्व सांगितले नाही, कोणी दाम मागितला नाही. एका विद्यापीठातून दुसऱ्या विद्यापीठात खेळ पोहोचला आणि प्रत्येक ठिकाणी त्यात नवी भर पडत गेली.

२८/
पैसे का मिळवले नाहीत, असा प्रश्न साहजिक आहे. तो विचार कर्त्यांच्याही मनात येऊन गेला, परंतु लाखाहून अधिक डॉलरचे यंत्र खेळासाठी घेणार कोण? या यंत्राचे नगही जेमतेम पन्नासच्या घरात विकले गेले. बाजार आला तो यंत्रे स्वस्त झाल्यावर. १९७१ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या आवारात बिल पिट्स आणि ह्यू टक यांनी नाणे टाकून खेळायचा ‘गॅलक्सी गेम’ मांडला. त्याच वर्षी नोलन बुशनेल आणि टेड डॅबनी यांचा ‘कॉम्प्युटर स्पेस’ आला. दोन्हींची मूळ प्रेरणा ‘स्पेसवॉर!’. बुशनेल-डॅबनी यांनी १९७२ मध्ये अटारी कंपनी स्थापन केली.

२९/
गोष्टीला दुसरी बाजूही आहे. ‘व्हर्लविंड’ला पैसा पुरवला नौदलाने आणि वायुदलाने. ‘टीएक्स-०’ लष्करी प्रयोगशाळेतून आला. पडदा-नळी रडारच्या घराण्यातली. विटानेन तर खेळ लिहिला जाण्यापूर्वीच, १९६१ च्या बर्लिन संकटात, राखीव सैनिक म्हणून बोलावले गेले. त्यांना आपल्या कल्पनेचे साकार रूप घडवण्यात सहभागी होता आले नाही. खेळाच्या नावातही युद्ध आहेच. शत्रूची विमाने शोधण्यासाठी वाढवलेल्या तंत्रज्ञानावर त्या खोलीत एक दिवस गावची माणसे हसत-खेळत होती, ही विसंगती विसरून चालणार नाही.

३०/
आणखी एक दुरुस्ती. ‘विद्यार्थ्यांनी केलेला खेळ’ असे सरसकट म्हटले जाते. प्रत्यक्षात त्यांत काही विद्यार्थी होते, काही नुकतेच नोकरीला लागलेले तरुण. एक जण लिहितो, दुसरा आकाश आणतो, तिसरा गुरुत्वाकर्षण, चौथा-पाचवा पेट्या ठोकतात. प्राध्यापक जॅक डेनिस यांच्यासारख्या माणसांनी या मुलांना यंत्राशी बसू दिले. किल्ली कोणाच्या हाती आहे, यावर अनेकदा इतिहास ठरतो. येथे किल्ली सांभाळणाऱ्यांनी दार उघडे ठेवले.

३१/
ऑक्टोबर १९७२ मध्ये स्टॅनफर्डच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत या खेळाची स्पर्धा भरली. बक्षीस होते ‘रोलिंग स्टोन’ या नियतकालिकाची वर्षाची वर्गणी. त्या स्पर्धेवर स्ट्युअर्ट ब्रँड यांनी त्याच नियतकालिकात डिसेंबरमध्ये दीर्घ लेख लिहिला आणि संगणक सामान्य लोकांकडे येत आहे, ही वार्ता फार मोठ्या वाचकवर्गापर्यंत पोहोचली. एमआयटीच्या त्या खोलीतील पाहुण्यांना हे दहा वर्षे आधीच अनुभवाने ठाऊक झाले होते.

३२/
कॅलिफोर्नियातील माउंटन व्ह्यू येथील संगणक-इतिहास संग्रहालयात एक ‘पीडीपी-१’ दुरुस्त करून चालू अवस्थेत ठेवला आहे. त्याच्या प्रात्यक्षिकात आजही ‘स्पेसवॉर!’ दाखवला जातो. फीत लागते, गोल पडदा उजळतो, सॅमसन यांचे तारे हळूहळू सरकू लागतात आणि सुई व पाचर आमनेसामने येतात. त्या दृश्यात १९६२ च्या यजमानांची काळजीही कायम आहे : खेळणाऱ्याची पाळी कधी संपेल, आणि मागे उभ्या असलेल्याला नीट दिसते आहे ना?

३३/
आज महाविद्यालयांच्या तंत्रमहोत्सवांत यंत्रमानव, ड्रोन आणि आज्ञावल्या मांडल्या जातात. तेथे बक्षीस बहुधा सर्वांत कठीण यंत्राला मिळते. हिंगहॅम स्ट्रीटवरच्या त्या थट्टेखोर अभ्यास गटाचा निकष थोडा वेगळा होता. यंत्राचा कस लागला पाहिजे, हे त्यांना मान्यच होते. पण दारातून आलेल्या अनोळखी माणसाच्या हाती खटका देईपर्यंत प्रात्यक्षिक पूर्ण झाले, असे त्यांनी मानले नाही.